क्ष-किरण केव्हां थांबवावे?

छातीचें क्ष-किरण चित्र घेतांना कृश मुलाला पुरणारे किरण धिप्पाड गृहस्थाला अपुरे पडतात. पूर्वीं हा अदमास तंत्रज्ञाच्या नजरेवर असे. तो चुकला कीं चित्र पुन्हां, आणि रोग्याच्या अंगावर किरणही पुन्हां! १९४२ सालीं शिकागोच्या रसेल मॉर्गन यांनीं यावर स्वयंचलित उपाय मांडला. आतां रोगी व चित्रफलक यांच्यामध्यें हवेच्या पातळ पेट्या असतात. शरीर भेदून आलेल्या किरणांनीं त्यांत विद्युद्भार सांचतो. ठरलेली मात्रा भरतांच नळीचा प्रवाह तुटतो. पेटीला मात्र शरीर ओळखतां येत नाहीं. खुब्यांत बसविलेला धातूचा सांधा तिच्यासमोर आला, तर किरण अडतात आणि ती ‘अजून हवेत’ म्हणत राहते! म्हणून कमाल मर्यादा निराळी बांधलेली असते. संगणकी चित्र तर जादा किरणांनीं काळवंडत नाहीं, उलट अधिक नितळ दिसतें. चूक रोग्याच्या अंगीं पडते, डोळ्यांना दिसत नाहीं.