व्याख्यापरीक्षण, शास्त्रीय परिभाषेतील

शास्त्रीय संज्ञेची व्याख्या अभिप्रेत संकल्पनेला नेमकी लागू पडते किंवा नाही, हे ठरविण्याची पद्धती. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय (स्थापना १९६०) व केंद्र शासनाचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग (१९६१) यांच्या परिभाषाकार्यात पर्यायनिश्चितीला मोठे स्थान आहे. तथापि पर्याय देणे व व्याख्या करणे या भिन्न गोष्टी होत. व्याख्येत संकल्पनेची जाती व तिचे व्यवच्छेदक लक्षण ही दोन्ही यावी लागतात.

न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष मानले आहेत. ‘शिंगे असलेला पशू म्हणजे गाय’ हे लक्षण म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस पशू’ हे सर्व गाईंना लागू पडत नाही, ही अव्याप्ती. ‘अखंड खुराचा पशू’ हे एकाही गाईला लागू पडत नाही, हा असंभव. यांखेरीज संज्ञेची व्याख्या त्याच संज्ञेने करणे हा चक्रकदोष होय.

परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) स्थापन झाले. शेतकऱ्याचा शब्द व प्रयोगशाळेतील संकल्पना अशा ठिकाणी एकत्र येतात. या भागातील काळ्या जमिनीच्या संदर्भात महत्त्वाची ‘वाफसा’ ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘पावसानंतर जमिनीत असलेली ओल’ ही तिची व्याख्या अतिव्याप्त ठरते. कारण तीत चिखलही येतो. ‘पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी येणारी अवस्था’ ही अव्याप्त होय. कारण हलक्या जमिनीत वाफसा लवकर, भारी जमिनीत उशिरा येतो आणि ओलितानंतरही तो येतो. ‘मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्याची अवस्था’ या व्याख्येत असंभव आहे. कारण वाफशाला पोकळ्यांत हवाही लागते. जादा पाण्याचा निचरा होऊन पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही राहतात आणि मशागत व पेरणी करता येते, अशी जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा, ही व्याख्या या दोषांपासून मुक्त आहे.

निचऱ्यानंतर मातीत टिकणारे पाणी सामान्यतः १/३ बार ताणास, तर वालुकामय मातीत १/१० बार ताणास मोजतात. हे आकडे मापनाचे संकेत आहेत. त्यांनाच व्याख्या मानल्यास मातीचा प्रकार बदलताच ती चुकते.

परीक्षणात संज्ञेच्या जागी व्याख्या घालून वाक्याचा अर्थ टिकतो का, सीमेवरील उदाहरणांचा निर्णय लागतो का व कोशातील संबंधित व्याख्या परस्परांशी जुळतात का, हे विषयतज्ञ व भाषातज्ञ यांनी मिळून पाहावयाचे असते. वाफशापूर्वी नांगरल्यास भारी जमिनीत ढेकळे निघतात व उशीर झाल्यास ओल उडून उगवण घटते. त्यामुळे व्याख्येतील दोष कोशापुरता राहत नाही. तो पेरणीच्या सल्ल्यातही उतरतो.