पॅलेस्टाईनचा तंटा आणि बाहेरचे मध्यस्थ

पॅलेस्टाईनचा विषय निघाला की, ज्यू आणि अरब यांचे ते हाडवैरच आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण या तंट्यात बाहेरच्यांचा हात पहिल्यापासून आहे. १९१७ साली ब्रिटनने तेथे ज्यूंना राष्ट्रीय वसतिस्थान देण्याचे वचन दिले. बहुसंख्य अरब रहिवाशांना कोणी विचारले नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी केला. भारताचे मत विरोधात पडले. अरबांनी ठराव नाकारला, आणि १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले.

कामगार चळवळीत वाढल्यामुळे मध्यस्थ पारखण्याची आम्हाला सवय आहे. त्याच्या शब्दाला वजन आहे काय, आणि ते वजन तो वापरतो काय, एवढे आम्ही पाहतो.

१९५६ साली ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर स्वारी केली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी आपल्याच दोस्तांवर दडपण आणले, आणि १९५७च्या मार्चमध्ये इस्रायलने सिनाई सोडले. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी बेगिन व सादात यांना कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस बसवून ठेवले. १९७९ सालचा इजिप्त-इस्रायल तह त्यातून झाला व टिकला. पॅलेस्टिनी स्वायत्ततेचे कलम मात्र कागदावरच राहिले. ज्यांच्याविषयी ते कलम होते, त्यांचा प्रतिनिधी बैठकीत नव्हताच.

१९९३ साली नॉर्वेने इस्रायल व पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांना गुप्तपणे समोरासमोर बसवले. ओस्लो करार झाला. पण सरहद्द, जेरुसलेम, निर्वासित आणि वसाहती हे मुख्य प्रश्न पुढे ढकलले गेले. मधल्या काळात हमासचे आत्मघातकी स्फोट झाले. १९९५ साली पंतप्रधान राबिन यांचा एका ज्यू अतिरेक्याने खून केला. पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेतील वसाहतवाले १९९३ साली सव्वा लाखाच्या आत होते, ते २०२० पर्यंत चार लाखांवर गेले.

नॉर्वेवर दोघांचा विश्वास होता, पण त्याच्यापाशी वजन नव्हते. वजन अमेरिकेचे. तिने २०१६ साली इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरांचे लष्करी साहाय्य कबूल केले, पण वसाहती थांबवण्याची अट घातली नाही. इकडे इराण हमासला पैसा व शस्त्रे पुरवीत राहिला.

अवघड कलमे पुढच्या बैठकीवर टाकली की संप मिटतो, तंटा मिटत नाही. म्हणून नव्या शांतियोजनेची बातमी आली की आपण विचारावे : बैठकीत कोण नाही? कोणते कलम पुढे ढकलले? आणि करार मोडणाऱ्याला, मग तो दोस्त का असेना, मध्यस्थ अडवणार आहे काय?