आशाताईंचे मानधन आणि आपली ग्रामसभा



2024 च्या फेब्रुवारीत कामानिमित्त मुंबईला निघालो होतो. घाट उतरून पनवेलच्या एस.टी. स्टँडवर पाय ठेवला, तर पंधरा-वीस बाया पिशव्या सावरीत रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारीत होत्या. बोली आपल्याकडचीच. विचारपूस केली तेव्हा कळले, सगळ्या आशा कार्यकर्त्या, निघाल्यात आझाद मैदानावर. त्यातली एक म्हणाली, "काका, गावात म्हणत्यात आशाला पगार हाय. पगार न्हाई, मानधन हाय, आन् तेबी कामागणिक." तिला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, म्हणून हा लेख.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले. ती गावातलीच, बहुधा कुणाची तरी सून. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात नेणे, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करणे, बाळंतिणीच्या घरी जाऊन तान्ह्या बाळाचे वजन बघणे. हे शेवटचे काम तर आपल्या महाराष्ट्राचीच देणगी. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची निगा राखून दाखविली आणि पुढे देशाने ती पद्धत आशांच्या हाती दिली. गळीत हंगामात आपल्या कारखान्याच्या अड्ड्यावर कोप्या पडतात, तिथेही पोटुशी बाई आहे का हे विचारीत फिरते ती आशाच.

आता मूळ मुद्दा. आशा ही कायद्याने कामगार नाही, 'स्वयंसेविका' आहे. त्यामुळे किमान वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहिली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, पण गौरवाने किराणा येत नाही. 12 जानेवारी 2024 पासून राज्यातील आशा संपावर गेल्या, आझाद मैदानावर मुक्काम ठोकून बसल्या. तेव्हा कुठे मार्चमध्ये शासनाने नोव्हेंबर 2023 पासून दरमहा 5 हजार रुपयांची वाढ मंजूर केली.

मग झाले की काम, असे कुणी म्हणेल. नाही. ही वाढ शासन निर्णयाने मिळाली आहे. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने बदलतो. आपल्या उसाचे उदाहरण घ्या. ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे, नाही तर 15 टक्के व्याज, हे कुणाच्या मर्जीवर नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ते लिहिलेले आहे. (ते किती पाळले जाते याची चर्चा वार्षिक सभेत होतेच!) लिहिलेले असते म्हणून आपण कोर्टात जाऊ शकतो. आशाताईला जायला तसे दार नाही.

योजनेचा कायदा होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि तो आपल्याच मुलखात झाला. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास मागेल त्याला कामाचा प्रयोग केला. दुष्काळात ती राज्याची योजना झाली, 1977 मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसायकर बसला. म्हणजे हक्काबरोबर पैशाची सोयही झाली. ती नसती तर कायदा नुसता भिंतीवर लावायला.

आणि पनवेलचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्याच भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात 5 जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीची तरतूद पदरात पडली. दि. बा. रस्त्यावर होते आणि विधानसभेतही. दोन्ही वाटा लागतात.

विधानसभेची वाट आपल्या चावडीतून सुरू होते. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. येत्या सभेत ठराव मांडा: आशा व गटप्रवर्तकांना कामगाराचा दर्जा देणारा कायदा व्हावा, आणि मानधन दरमहा ठरल्या तारखेस मिळावे. 'विचार व्हावा' असे मोघम लिहू नका. आमदारांना त्यावर तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, अशासकीय विधेयकही मांडता येते. आरोग्य अभियानाचा मोठा हिस्सा केंद्राचा असल्याने एक प्रत खासदारांनाही द्यावी. ठरावावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही व शिक्का घ्यावा, प्रत हातोहात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.