घरगुती सुतारशाळा, लेखांक सहावा : विजेवरच्या हत्यारांची निवड

विजेवर चालणाऱ्या हत्यारांची निवड हा कंपन्यांची माहितीपत्रके चाळून उरकण्याचा विषय मानला जातो. प्रत्यक्षात घरातील वीजजोडणी, त्या भागात मिळणारे लाकूड आणि हातून होणारे काम या तीन गोष्टींनी ती निवड बरीचशी आधीच ठरवून टाकलेली असते. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट आणि गुण्या या हातहत्यारांचा विचार मागील लेखांकांत झाला. नांदेड व लातूर जिल्ह्यांत एके काळी गावचा सुतार बलुतेदारीत तिफण, वखर आणि बैलगाडी घडवत असे. लोखंडी औजारे आणि ट्रॅक्टर आल्यानंतर शेतीचे ते काम त्याच्या हातून गेले आणि दारे, खिडक्या, दिवाण, देवघरे व प्लायवूडची कपाटे हेच सुतारकामाचे मुख्य अंग उरले. हे काम पोटासाठी करणारा कारागीर असो किंवा निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हौसेने लाकूड हाताळणारा गृहस्थ असो, यंत्र घेताना पहिली नजर दुकानाकडे न वळता घरातल्या मीटरच्या बोर्डाकडे वळली पाहिजे, असे या लेखमालेचे ठाम मत आहे.

घरगुती वीजपुरवठा बहुधा सिंगल फेज असतो, म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल अशा दोन तारांतून २३० व्होल्ट दाबाने व ५० हर्ट्झ वारंवारतेने वीज येते. भिंतीवर दोन मापांची सॉकेटे आढळतात. लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे. यंत्रावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की ते साधारण किती अँपिअर प्रवाह ओढेल हे कळते. ६०० वॅटचे ड्रिल अडीच-पावणेतीन अँपिअरवर चालते, म्हणून ते लहान सॉकेटवर निर्धास्त चालवावे. १४०० वॅटची गोल करवत मात्र ६ अँपिअरच्या पुढे जाते आणि ओले किंवा गाठीचे लाकूड समोर आले की आणखी ओढते, त्यामुळे तिच्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र आलेली जाड तार हवी. पत्र्याची खोली घरापासून दूर असल्यास एक्स्टेन्शन वायर लागते आणि बहुतेक घरांत नेमकी हीच वायर बारीक असते. खोली २० मीटर अंतरावर असेल तर वीज जाऊन परत येण्याची वाट ४० मीटरची होते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत या वाटेचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो आणि यंत्र सुरू होताना क्षणभर ३० अँपिअर ओढले गेले तर २१ व्होल्ट तारेतच गळून जातात, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती साडेआठ व्होल्टच्या आत राहते. कटर चालू करताच बल्ब मिणमिणतो, त्याचे कारण बहुधा ही बारीक तारच असते.

व्होल्टेज उतरल्याचा परिणाम सर्व मोटारींवर सारखा होत नाही. हाती धरायच्या हत्यारांत जी मोटार असते तिला युनिव्हर्सल मोटार म्हणतात. तिच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, दोन कार्बनच्या ठोकळ्यांतून वीज पोचते, ती हलकी असते, फार वेगाने फिरते आणि मोठा आवाज करते. एका जागी बसवायच्या जड यंत्रांत इंडक्शन मोटार असते. तिला कार्बन लागत नाही, तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असल्यामुळे ती मिनिटाला साधारण १४४० किंवा २८५० फेरे घेते आणि तिचा आवाज सौम्य असतो. मात्र इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर जोर जवळजवळ ६८ टक्क्यांवर येतो, पाते लाकडात अडखळते, मोटार जास्त प्रवाह ओढून तापते आणि अखेरीस वाइंडिंग जळते. उन्हाळ्यात ज्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज उतरते, तेथे असे यंत्र सकाळी चालवणे हा साधा उपाय आहे.

तरीही मराठवाड्याच्या दृष्टीने इंडक्शन मोटारीची एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. विहिरी व बोअरवरच्या पंपांमुळे येथील जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार भरून देणारा कारागीर असतो. जळालेली इंडक्शन मोटार अहमदपूरला किंवा देगलूरला भरून मिळू शकते. हाती धरायच्या हत्याराचे जळालेले आर्मेचर मात्र सहसा नवेच घालावे लागते आणि ते त्या कंपनीचे, त्याच मॉडेलचे असावे लागते. म्हणून अशा हत्याराच्या खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न असा की या यंत्राचे कार्बन आणि आर्मेचर नांदेडला किंवा लातूरला मिळते काय. उत्तर नाही असे आले तर स्वस्त यंत्रही महागच पडते.

विजेच्या सुरक्षेबाबत दोन गोष्टी अटळ आहेत. यंत्राच्या नामपट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते, त्याला अर्थिंगची तार लागत नाही. धातूच्या अंगाच्या जड यंत्राला मात्र अर्थिंग हवेच. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज सहज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरू शकते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बोर्डात बसवावा.

लाकडाचा विचार यानंतर येतो. नांदेड जिल्ह्यात किनवट व माहूरच्या रानांत सागवान आहे. लातूर जिल्ह्यात जंगल अगदी तुरळक, त्यामुळे तेथे बांधावरची बाभूळ, कडुनिंब आणि आंबा हीच जवळची लाकडे. सागवान हाताला मऊ लागते, पण त्याच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूतला घटक, असल्यामुळे साध्या पोलादाच्या पात्याची धार लवकर बसते. बाभूळ मुळातच टणक आणि गाठीची. प्लायवूडमधला वाळलेला डिंकही धारेचा शत्रूच. म्हणून पाते घेताना दातांच्या टोकांवर टंगस्टन कार्बाइड बसवलेले, बाजारात टीसीटी नावाने मिळणारे पातेच घ्यावे. लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांबरोबर चिरण्यास १८५ मिलिमीटरच्या पात्याला सुमारे २४ दात पुरतात, कारण मोठ्या दातांमधून भुसा चटकन बाहेर पडतो. प्लायवूड किंवा आडवा काप स्वच्छ यायचा असेल तर ४० ते ६० दातांचे पाते लागते. दोन पाती बाळगणाऱ्याचे काम एका महाग यंत्रावर विसंबणाऱ्यापेक्षा नेहमीच चांगले उतरते.

या भागात आणखी एक लाकूड भरपूर हाती येते, ते म्हणजे जुन्या माळवदी घरांचे. जाड दगडी भिंती, आत सागवानी खांब व तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे जड छत अशी ही घरे होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांच्या भिंती आणि छपरे कोसळून मोठी प्राणहानी झाली, आणि त्यानंतर या बांधणीकडे लोकांनी पाठ फिरवली. जुने घर उतरवताना निघणारे सागवान अनेक दशके मुरलेले असते, ते फारसे वळत नाही आणि त्याची घडाई देखणी होते. त्यावर विजेचा रंधा चालवण्यापूर्वी मात्र फार सावध राहावे लागते. अशा तुळईच्या भेगांत छताची माती ठासून बसलेली असते आणि डोके तुटलेले खिळे पृष्ठभागाखाली लपलेले असतात. ८२ मिलिमीटर रुंदीच्या विजेच्या रंध्यात दोन अरुंद पाती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात; एका खिळ्याने त्यांच्या धारेत खाच पाडली की पुढच्या प्रत्येक फळीवर, रंधा जेथे जेथे फिरेल तेथे, एक बारीक उंच रेघ उमटत राहते आणि ती पुढे हातरंध्यानेच काढावी लागते. आधी तारेच्या ब्रशने माती खरवडून काढावी, मग दोरीला बांधलेला जोरदार चुंबक तुळईच्या चारही बाजूंनी सावकाश फिरवावा आणि चुंबक जेथे ओढला जाईल तेथे खडूने खूण करावी. या कामात अर्धा तास गेला तरी तो सत्कारणीच लागतो.

हत्यारांच्या यादीत सर्वांत अधिक विचार करवतीचा व्हावा, कारण बोटे तेथेच जातात. हाती धरायच्या गोल करवतीला खाली सपाट तळ असतो, पात्याचा खालचा भाग झाकणारे स्प्रिंगचे आवरण असते आणि काप संपताच ते आपोआप मिटते. ही करवत महाग वाटते म्हणून फरशी कापायचे मार्बल कटर घ्यायचे आणि त्यात ११० मिलिमीटरचे लाकडाचे पाते बसवायचे, ही पद्धत मराठवाड्यातच नव्हे तर सर्वत्र रूढ झाली आहे. ही पद्धत चुकीची आहे. मार्बल कटर मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेते. या गतीला पात्याची कड सेकंदाला सुमारे ७५ मीटर धावते, तर १८५ मिलिमीटरच्या गोल करवतीची कड ५० मीटरच्या आसपास असते. बाजारातील अनेक लाकडी पाती एवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसतात, हे पात्यावर छापलेला कमाल वेग वाचला तरी कळते. मिटणारे आवरण मार्बल कटरला नसते आणि कळ अडकवून ठेवण्याची सोय अनेक मॉडेलांत असते. ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारख्या मुठीच्या आणि बोटाने दाबायच्या खटक्याच्या ड्रिलचे पेटंट १९१७ साली मिळाले. बोट सुटताच यंत्र थांबावे हा त्या रचनेचा मोठा लाभ अडकवलेल्या कळीमुळे नाहीसा होतो.

ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे तर याहून वाईट. ग्राइंडरला तळ नाही, त्यामुळे हात किंचित तिरपा झाला की पाते खाचेत वाकडे अडकते आणि संपूर्ण यंत्र झटक्याने चालवणाऱ्याच्या अंगावर येते. या उसळीमागे साधे कारण असते : लाकूड चिरताना त्यातील ताण मोकळा होतो, खाच मागून मिटते, मिटणाऱ्या खाचेने पाते आवळले की फिरण्याची सगळी शक्ती यंत्राला किंवा फळीला उलट दिशेने फेकते. टेबल सॉमध्ये, म्हणजे ज्यात पाते टेबलातून वर येते आणि लाकूड ढकलले जाते अशा यंत्रात, पात्यामागे त्याच्याच जाडीची एक पोलादी पट्टी उभी असते, तिला राइव्हिंग नाइफ म्हणतात. खाच मिटू न देणे एवढेच तिचे काम. ती अडचण वाटते म्हणून काढून टाकलेली यंत्रे ठिकठिकाणी दिसतात. ज्या टेबल सॉला ही पट्टी नाही तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

घरगुती कामाला टेबल सॉ बहुधा लागतही नाही. ओंडका चिरण्याचे काम वन विभागाचा परवाना असलेल्या सॉ मिलमध्येच करून घ्यावे, आणि फळ्या एकसारख्या जाडीच्या करणेही जवळच्या फर्निचर कारखान्यात मजुरीवर उरकते. प्लायवूडचा ८ फूट बाय ४ फुटांचा पत्रा एकट्याने टेबलावर ढकलण्यापेक्षा तो जमिनीवर थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर ठेवून, सरळ अॅल्युमिनियमची पट्टी शिकंज्यांनी आवळून, तिच्या कडेने गोल करवत चालवणे अधिक सुरक्षित असते आणि काप अधिक सरळ येतो.

उरलेल्या हत्यारांबद्दल थोडक्यात. ड्रिल १३ मिलिमीटर चकचे आणि वेग कमीजास्त करता येणारे असावे. कडा गोल करणे, खोबणी पाडणे आणि सनमायका छाटणे यासाठी ६ मिलिमीटर दांड्याचा लहान ट्रिमर घरच्या कामाला पुरतो. सँडर १२५ मिलिमीटरचा, फिरता-फिरता किंचित सरकणारा म्हणजे रँडम ऑर्बिटल घ्यावा. सरळ फिरणाऱ्या चकतीचे वर्तुळाकार ओरखडे पॉलिश लावल्यावर उठून दिसतात. भारनियमनाच्या गावात बॅटरीवरचे ड्रिल सोयीचे, मात्र लिथियम-आयन बॅटरी साधारण ४० अंशांपेक्षा गरम वातावरणात चार्ज करू नये. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तापमान त्याच्याही वर जाते, म्हणून चार्जर घरातच ठेवावा.

धुळीची बाब सहसा कोणी मनावर घेत नाही, ती घ्यावी. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाकाच्या पोकळीशी तिचा संबंध विशेष आढळला. तोंडाला रुमाल बांधून सूक्ष्म धूळ अडत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो आणि सँडरची पिशवी भरण्याआधीच रिकामी करावी लागते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे आणि पात्र कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. घरगुती सुतारशाळेसाठी एवढीच रक्कम हाती असेल तर या लेखमालेचा निवाडा असा : आधी चांगले ड्रिल, मग मिटत्या आवरणाची गोल करवत आणि तिची दोन टीसीटी पाती, त्यातून उरलेल्या पैशांत चष्मा, मास्क आणि जाड एक्स्टेन्शन वायर; ट्रिमर व सँडर पुढच्या कामाच्या मिळकतीतून, रंधा सर्वांत शेवटी, कारण हातरंध्याचे काम अजूनही त्याहून चांगले होते. आणि ज्यांच्या ग्राइंडरला सध्या लाकडाचे पाते लावलेले आहे, त्यांनी नव्या खरेदीची वाट न पाहता ते पाते आजच उतरवून ठेवावे, ही कळकळीची विनंती.