नाव एक, खाती दोन

‘मामा, पैशांचा हिशेब सोपा, अवघड असतो तो रिकाम्या क्रेटचा,’ असे माझी भाची नेहमी म्हणते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ती एका व्यापाऱ्याचा हिशेब सांभाळते. तिथे भाव बोलला जातो तो वीस किलोंच्या क्रेटचा. २०२३ च्या जुलैत तो दोन हजारांवर गेला होता. व्यापारी शेतकऱ्याला रिकामे क्रेट देतो. ते भरून येतात, दूरच्या बाजारांना जातात, काही परतही येतात. राहिलेले कोणाच्या नावावर, हाच रोजचा वाद.

मी मंचरचा. उभा जन्म वह्या लिहिण्यात गेला. त्यामुळे भाचीने मोबाईलवर स्वतःच हिशेबाचे ॲप तयार केले, तेव्हा मला नवल वाटले. पूर्वी शहरातल्या एकाने प्रोग्रॅम करून दिला होता, पण त्यात ‘उचल’ हा रकानाच नव्हता. तो घालून घेईपर्यंत हंगाम संपला.

भाची बी.कॉम. झालेली, प्रोग्रॅमची एक ओळ तिला लिहिता येत नाही. तिने तीन तक्ते मांडले : शेतकरी, क्रेट आणि उचल. कोणता रकाना कशाशी जोडायचा ते सांगितले की फॉर्म, बेरजा, पट्टी हे सारे यंत्रच मांडते. याला ‘लो-कोड’ म्हणतात. नाव २०१४ चे, कल्पना मात्र जुनी. १९७९ मध्ये आलेल्या ‘व्हिसिकॅल्क’च्या तक्त्याने प्रोग्रॅमरवाचून हिशेब करण्याची वाट दाखवली. चेन्नईच्या झोहोचे ‘क्रिएटर’ २००६ मध्ये आले. ‘ॲपशीट’ गुगलने २०२० मध्ये विकत घेतले.

एका संध्याकाळी मी गाळ्यावर बसलो असताना आंबेगाव तालुक्यातला एक शेतकरी आला. त्याच्याकडे चाळीस क्रेट येणे दिसत होते. ‘मी परत केलेत,’ तो म्हणाला. भाचीने मोबाईल पुढे धरला. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, यंत्र खोटं बोलत नाही, म्हंजी मीच खोटा?’

रात्री आम्ही जुनी वही काढली. त्याच गावात त्याच नावा-आडनावाचा आणखी एक शेतकरी होता. वहीत एकापुढे ‘वरची आळी’ लिहिले होते, दुसऱ्यापुढे ‘मळ्यातले’. ॲपने माणूस नावावरून ओळखावा, असे भाचीनेच ठरवले होते. दोन खाती एक झाली ती तिथे. प्रत्येकाला खातेक्रमांक द्यायला तास लागला. जुन्या नोंदी वेगळ्या करता करता पहाट झाली.

ज्याचे काम, त्यालाच आता हत्यार घडवता येते, हा लाभ मोठा आहे. दुरुस्तीही त्याच रात्री झाली, कोणाची वाट पाहावी लागली नाही. पण जाणत्या प्रोग्रॅमरने ‘नावे सारखी निघाली तर?’ असे आधीच विचारले असते. आपले आपण करताना हटकणारा कोणी उरत नाही.

सकाळी भाची त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन माफी मागून आली. आता ॲपमधला प्रत्येक बदल ती आधी वहीत लिहिते आणि गाळ्यावरच्या जुन्या हमालाला वाचून दाखवते. त्याला मोबाईलमधले फारसे कळत नाही. माणसे मात्र सगळी ठाऊक आहेत.