जहाजाच्या पोटातली शाळा

मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या शब्दाला अठराव्या शतकात मोठा मान होता. ते गोदीचे मास्टर बिल्डर. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे त्यांच्या देखरेखीखाली बांधली जात आणि दुरुस्त होत. अशा माणसाने आपले नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी यांना धंद्यात घालताना काय करावे? दोघांना साध्या सुतारांच्या रांगेत उभे केले, महिना बारा रुपये पगारावर. त्यांतल्या जमशेटजींनी पुढे ब्रिटिश नौदलासाठी युद्धनौका बांधल्या. १८१० मध्ये पाण्यात उतरलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही त्यांचीच. पण हात बसला तो त्या बारा रुपयांच्या दिवसांत.

लवजी मूळचे सुरतेचे. १७३६ मध्ये कंपनीने त्यांना मोजक्या सुतारांसह मुंबईला आणले. तेव्हा मोठे जहाज तळातून दुरुस्त करायचे तर ते उथळ पाण्यात नेऊन दोरखंडांनी एका कुशीवर कलते करावे लागे. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी होड्या वाळूवर ओढून शाकारतात, तसे शेकडो टनांच्या जहाजाचे करता येत नाही. कलते केले तरी सांधे ताणले जात आणि ओहोटी संपली की काम थांबे. यावरचा उपाय म्हणून १७५० मध्ये सुक्या गोदीचे काम लवजींच्या हाताखाली सुरू झाले.

सुकी गोदी म्हणजे दगडात बांधलेला, समुद्राच्या बाजूला दरवाजा असलेला खोल हौद. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास खाली-वर होते. भरतीला दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचे, दरवाजा लावायचा आणि उरलेले पाणी उपसून टाकायचे. पाणी उतरत जाते तसे जहाज खाली आधीच मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसते, आणि दोन्ही बाजूंनी टेकू लावले जातात. ठोकळे चुकीच्या जागी पडले तर जहाज आपल्याच वजनाने पिचते. ते कुठे मांडायचे हे कळायला जहाजाची आतली हाडे माहीत असावी लागतात. मला तर वाटते, मुंबईच्या नौकाबांधणीचे खरे विद्यापीठ हे हौदच होते. नवे जहाज बांधणाऱ्याला आपले काम बरोबर झाले की नाही हे समजायला वर्षे लागतात. दुरुस्तीवाल्याला मात्र दहा-वीस वर्षे समुद्राने तपासलेले जहाज समोर उघडे मिळते. कोणता खिळा गंजला, कुठला सांधा सुटला, कोणती फळी टिकली, सगळे लिहून ठेवल्यासारखे.

त्या तपासणीत सर्वांत भयंकर गोष्ट सापडे ती लाकूड पोखरणारा सागरी कीडा. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू लाकूड पचवायला मदत करतात. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. म्हणून शिकाऊ मुलाला डोळ्याआधी कान वापरायला शिकवावे लागे. फळीवर हातोडी ठोकली की निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले मलूल. फळ्यांच्या फटींत तंतू ठासून त्यावर डांबर भरण्याचे कामही बरेचसे कानावरच चालते, कारण भराव पुरेसा घट्ट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. हे पुस्तकातून येत नाही.

किड्यावरचा मोठा तोडगा म्हणजे तळाला तांब्याचे पत्रे मढवणे. पण तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने झिजते. पत्रे शाबूत आणि आतले लोखंडी बोल्ट खाऊन गेलेले, अशी जहाजे निघू लागली, तेव्हा बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे वापरावे लागले. १८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांनी हाच स्वभाव उलटा वापरला. तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडले तर ते स्वतः झिजून तांबे वाचवतात. हा प्रयोग ज्या जहाजांवर झाला त्यांतले ‘समरंग’ आपल्या कोचीनला बांधलेले होते. तांबे खरोखर वाचले, आणि त्यावर शंख-शेवाळाची दाट पुटे चढली! झिजणाऱ्या तांब्यातून सुटणारे विषच तोवर त्यांना दूर ठेवत होते. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते डेव्हींच्याच तत्त्वावर. झिजलेला ठोकळा बदलणे हा दुरुस्तीतला नेहमीचा पाठ आहे.

मुंबईची जहाजे मलबारच्या सागवानाची असल्याने लोखंडाच्या बाबतीत तिला एक फायदा होता. ओकच्या लाकडातले टॅनिक आम्ल लोखंडाला खाते, तर सागवानातले तेल त्याला जपते.

पुढे वाफ आली आणि नुसत्या सुतारकीवर भागेना. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण इंग्लंडला निघाले आणि तिथल्या चॅथमच्या शाही गोदीत शिकले. त्यांनी १८४१ मध्ये आपल्या मुक्कामाचे पुस्तकही इंग्रजीत छापले. त्यांच्याच घराण्यातले अर्देसर करसेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्यात ते मुख्य अभियंता झाले, आणि त्यांच्या हाताखाली इंग्रज कारागीर काम करत. त्या काळात हे किती मोठे होते, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

जमशेटजींच्या हातचे एक जहाज अजून पाण्यावर आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’. विसाव्या शतकात बरीच वर्षे तिने ‘फुद्रोयां’ या नावाने मुलांना दर्यावर्दीपणा शिकवणारे प्रशिक्षण जहाज म्हणून काम केले. १९८७ मध्ये तिला इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेले. पुढे दहाहून अधिक वर्षे तिथल्या कारागिरांनी तिची डागडुजी केली. याच गावात आधी ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पुन्हा उभी राहिली होती, त्यामुळे जुन्या कामाला सरावलेले हात हाताशी होते. मलबारी सागवान पुष्कळ ठिकाणी जसेच्या तसे ठेवता आले.

मुंबईतल्या त्या जुन्या गोद्या नौदलाच्या आवारात आजही वापरात आहेत. नौदल गोदीची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे, आणि माझगाव डॉकही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुले घेते. आठवी झालेल्यांना रिगर किंवा वेल्डर, दहावी झालेल्यांना फिटर, इलेक्ट्रिशियन, पाइप फिटर असे व्यवसाय शिकता येतात आणि विद्यावेतन मिळते. लाकडी होडीचा जाणता सुतार मात्र या रचनेत कुठे बसत नाही. फायबरच्या होड्या वाढल्या तशी त्याच्याकडची शिकणारी मुले कमी झाली, आणि त्याच्या हातातल्या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही. त्याला शिक्षक म्हणून नेमायला हवे, आणि तेही लवकर.

कोळी मुलांसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशा केंद्रांवर मासेमारी आणि नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. प्रवेशासाठी मासेमारीचा अनुभव लागतो, आणि पोहता यावे लागते.