मैदानावरची मोजपट्टी आणि कचेरीतली मोजपट्टी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, पायापेक्षा हातात जास्त, आणि समोरच्याला अंगाने अडवणे, आडवा पाडणे हा तिथे गुन्हा नसून तोच खेळ आहे. अंगात पॅड, डोक्यावर हेल्मेट घालून दीडदीडशे किलो वजनाची माणसे एकमेकांवर आदळतात. या खेळाच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि त्याआधी जुलैअखेरपासून प्रत्येक संघाचे सराव शिबिर भरते. सामन्याचे तिकीट कष्टकरी माणसाला परवडणारे नसते. सराव मात्र काही ठिकाणी फुकट पाहता येतो. आणि आमचे असे मत झाले आहे की, हा खेळ म्हणजे काय धंदा आहे हे सामन्यापेक्षा सरावातच अधिक स्पष्ट दिसते.

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही शिकागोला चळवळीतल्या एका जुन्या मित्राच्या घरी होतो. त्याच्या मुलीने हट्टच धरला, "काका, ग्रीन बेला चला, सराव तरी बघा." विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे जेमतेम एक लाख वस्तीचे गाव. तिथल्या पॅकर्स संघाचे लॅम्बो फील्ड हे 80 हजारांवर माणूस बसवणारे स्टेडियम, आणि रस्त्यापलीकडे रे निट्श्के फील्ड हे सरावाचे मैदान. गावातली पोरे सायकली घेऊन स्टेडियमच्या दाराशी उभी राहतात. खेळाडू बाहेर येतात, एकेकाची सायकल घेऊन मैदानापर्यंत जातात आणि ते पोर त्याचे हेल्मेट हातात धरून शेजारी धावते. सहा दशकांपासूनची ही प्रथा आहे म्हणतात. सातआठ वर्षांच्या मुलीच्या सायकलवर तो डोंगराएवढा गडी बसलेला पाहून आम्हाला हसू आले आणि सायकलची काळजीही वाटली.

मैदानावर मात्र हसण्यासारखे काही नव्हते. शिबिराला 90 खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर त्यातले 53 ठेवायचे असतात. काहींना सरावापुरत्या वेगळ्या पथकात घेतात, बाकीच्यांनी घरी जायचे. हे गणित एकदा कळले की समोरचे सगळे दृश्यच बदलते. भोंगा वाजला की सगळे घोळके जागा बदलतात. इकडे पॅड बांधलेला लोखंडी सांगाडा खांद्याने रेटत नेणे चालू, तिकडे चेंडू झेलणाऱ्यांची रांग, पलीकडे पावलांच्या चपळाईचे व्यायाम. मुख्य फेकणाऱ्या खेळाडूंच्या अंगात लाल सदरा. तो असला की त्याला कोणी पाडायचे नाही. प्रत्येक घोळक्यामागे हातात कागद घेतलेला माणूस उभा. प्रत्येक फेरीचे चित्रण होते आणि रात्री ते पुन्हा पाहिले जाते. वेळ मोजतात, वजन मोजतात, चेंडू किती झेलले, किती सुटले तेही मोजतात. तो कोणाचा मुलगा, कोणत्या वस्तीतला, कोणत्या रंगाचा, हे त्या स्टॉपवॉचला ठाऊक नसते. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या देशातून गेलेल्या आमच्यासारख्याला याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही.

परंतु वकिलाला मोजमाप दिसले की तो करार विचारतो. लीगच्या ठरीव नमुन्याच्या करारात असे कलम आहे की, खेळाडूचे कौशल्य किंवा कामगिरी इतरांच्या तुलनेत समाधानकारक नाही असे संघाला वाटले, तर संघ करार संपवू शकतो. पगाराची जी रक्कम खात्रीची म्हणून लिहून दिलेली असेल तेवढीच हाती राहते. वर्तमानपत्रांत लाखो डॉलरचे आकडे येतात ते ताऱ्यांचे. शिबिरात खाली, ऐंशीव्या-पंचाऐंशीव्या क्रमांकावर धडपडणाऱ्या मुलाकडे खात्रीचे जवळजवळ काहीच नसते. एके दिवशी त्याला निरोप येतो, डावपेचांची वही घेऊन कचेरीत ये. वही परत केली की नोकरी संपली.

या संघाची मालकी मात्र सांगण्यासारखी आहे. लीगमधले बाकीचे संघ धनाढ्यांच्या मालकीचे. ग्रीन बे पॅकर्स 1923 पासून नफा न वाटणारी सार्वजनिक कंपनी आहे. पहिला शेअर पाच डॉलरचा होता. 2021 मध्ये विकलेला तीनशेचा. आज भागधारक पाच लाखांवर आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, बाजारात शेअर विकता येत नाही, फक्त संचालक निवडायला मत देता येते. लीगच्या आजच्या नियमात अशी मालकी बसत नाही. हे जुने म्हणून चालू राहिले. एका गावाने आपला संघ भांडवलदाराच्या खिशात जाऊ दिला नाही, याचे कौतुक आम्ही करतो. पण मालकी लोकांची झाली म्हणजे अंगमेहनत करणाऱ्याचे शरीरही सुरक्षित झाले, असे समजण्याचे कारण नाही.

या मैदानावर आज निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. त्यामुळे नव्या प्रेक्षकाला वाटते की हा खेळ त्यांचाच. 1934 ते 1945 ही बारा वर्षे या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी बंदी कुठेच नव्हती, मालकांचे आपापसात ठरलेले होते. हे दार उघडले ते कसे? 1946 च्या जानेवारीत क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याने तिथले कोलिझियम मैदान मागितले. हॅले हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकाराने मैदानाच्या समितीपुढे उभे राहून विचारले की, ज्या मैदानाला आमच्याही कराचा पैसा लागला, ते आमच्या माणसाला बाहेर ठेवणाऱ्या संघाला कसे देता? रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि पाठोपाठ वुडी स्ट्रोड यांना घेतले. 1923 चा बोले ठराव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. मात्र वॉशिंग्टन तोवर 27 वर्षांचा झाला होता, गुडघे कामातून गेले होते. महाविद्यालयात तो 1939 सालीच देशभर गाजला होता. त्याची उमेदीची वर्षे कोणत्या न्यायालयाने परत केली?

ग्रीन बेचे नाव या बाबतीत बरे आहे. 1959 मध्ये आलेले प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी गावातल्या खानावळवाल्यांना आणि दारूगुत्तेवाल्यांना बजावले की, ज्या दुकानात माझ्या कृष्णवर्णीय खेळाडूला मज्जाव होईल तिथे माझा एकही खेळाडू पाऊल ठेवणार नाही. दक्षिणेत जॉर्जियामध्ये सामना होता आणि तिथली हॉटेले खेळाडूंना वेगळे ठेवणार होती, तेव्हा त्यांनी सगळा संघ लष्करी तळावर उतरवला. इटालियन वंशाचे असल्याने त्यांनी स्वतःही हिणवणूक सोसली होती. पण भल्या माणसाच्या इच्छेवर उभी राहिलेली समता त्या माणसाबरोबरच निघून जाते. याच संघाने 1999 मध्ये रे रोड्स यांना मुख्य प्रशिक्षक केले, ते इथले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. आठ सामने जिंकले, आठ हरले, आणि एका हंगामात त्यांना घरी पाठवले. 2003 पासून लीगमध्ये नियम आहे की, मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्य समाजातील उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. लक्षात घ्या, मुलाखत, नेमणूक नव्हे. 2022 च्या फेब्रुवारीत ब्रायन फ्लोरेस यांनी लीगवर भेदभावाचा दावा लावला, त्या दिवशी 32 संघांत एकच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता. अंग मोजून घेणारे बहुसंख्य एका रंगाचे आणि शिट्टी बहुतेक दुसऱ्याच रंगाच्या हातात, हे चित्र कोणत्याही सरावाला दोन तास बसून पाहता येते.

सरावात माणूस मरतोसुद्धा. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर हा 27 वर्षांचा, सुमारे 152 किलोचा खेळाडू. 31 जुलै 2001 रोजी मॅन्केटो गावच्या शिबिरात कडक उन्हात सराव करताना तो कोसळला. रुग्णालयात त्याच्या शरीराचे तापमान 108 अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले आढळले. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वीच तो गेला. आदल्या दिवशीही त्याला उन्हाचा त्रास होऊन सराव सोडावा लागला होता. त्याच्या पत्नीने दावा केला. 2005 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने संघाच्या प्रशिक्षण-वैद्यक कर्मचाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी येत नाही असे ठरवले. 2009 मध्ये लीगबरोबर तडजोड झाली. त्यानंतरच्या काळात उष्माघाताबद्दल जाग आली. 2011 च्या कामगार करारात एका दिवसात पूर्ण पॅड घालून दोनदा सराव घेण्यास बंदी आली. 2022 पासून शिबिरात पुढच्या फळीतल्या खेळाडूंना हेल्मेटवर मऊ जाड टोपण घालावे लागते. आम्ही पाहिला तो सराव या नियमांनी सौम्य झालेला होता. हे नियम कोणाच्या दयेने आलेले नाहीत. संघटनेने वाटाघाटीत मिळवले आणि विधवेने कोर्टात झुंजून मिळवले.

आता मोजपट्टीची खरी गोष्ट. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या माराने निवृत्त खेळाडूंची स्मरणशक्ती जाते. हजारो माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध दावे केले आणि 2015 मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिली. स्मृतिभ्रंश सिद्ध झाला तर भरपाई. सिद्ध कसा करायचा? चाचणी घ्यायची आणि पूर्वी या माणसाची बुद्धी किती असावी असा अंदाज करून त्यातून घट काढायची. या अंदाजात वंश धरला जात होता. कृष्णवर्णीयाची मूळ बुद्धीच कमी असणार असे गृहीत धरायचे. मग त्याच चाचणीत तेवढेच गुण पडलेल्या गोऱ्या खेळाडूची घट भरपाईयोग्य ठरे आणि काळ्याची ठरत नसे. मैदानावर ज्याला एकाच स्टॉपवॉचने मोजले, त्याचा मेंदू निकामी झाल्यावर त्याच्यासाठी वेगळी मोजपट्टी काढली! आणि हे एखाद्या उद्दाम मालकाचे बरळणे नव्हते. डॉक्टरांच्या तक्त्यात, आकड्यांच्या स्तंभात, शास्त्राच्या नावाने ते लिहिलेले होते. वर्चस्वाला शास्त्राचा आधार मिळाला की ते किती सभ्य दिसते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

2020 च्या ऑगस्टमध्ये केव्हिन हेन्री आणि नजेह डेव्हनपोर्ट या दोघा माजी खेळाडूंनी याविरुद्ध दावा लावला. यातला डेव्हनपोर्ट काही हंगाम याच ग्रीन बेसाठी खेळलेला. त्यांचे म्हणणे सरळ होते : आम्ही गोरे असतो तर आम्हाला भरपाई मिळाली असती. 2021 च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला, मात्र या प्रश्नावर मध्यस्थी करण्याचा आदेश दिला. मग खेळाडूंच्या बायका पुढे आल्या. नवऱ्याला घरचा रस्ता आठवत नाही, पोरांची नावे आठवत नाहीत, हे त्या रोज पाहत होत्या. त्यांनी हजारो सह्यांचे निवेदन न्यायालयात नेले. जूनमध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि 2022 च्या मार्चमध्ये न्यायालयाने सुधारलेल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. शेकडो चाचण्यांचे गुण वंश वगळून पुन्हा मोजण्यात आले आणि आधी नाकारलेले कित्येक जण पात्र ठरले. म्हणजे आजार तोच, माणूस तोच, कागदही तोच. बदलला तो फक्त एक स्तंभ.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाचे कागद जरूर मिळवून वाचावेत. त्यात एक तारीख आहे. 7 जुलै 2014 पूर्वी जे निवृत्त झाले त्यांनाच ही तडजोड लागू होते. आज ग्रीन बेच्या किंवा अन्य कोणत्याही संघाच्या शिबिरात डोके आपटून घेणारा एकही खेळाडू तिच्यात येत नाही.